तिसरी मूठ

१

भिकुबाईची सकाळ ठरलेली होती. आधी म्हशीचं दूध, मग चहा, मग समुद्र.

समुद्र म्हणजे मधल्या खोलीत गव्हाच्या कोठीवर ठेवलेला काळा रेडिओ. नरडाण्याच्या पुढे, तापीच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथून समुद्र एवढा लांब, की गावातल्या निम्म्या लोकांनी तो सिनेमातच पाहिलेला. भिकुबाईनं तसाही नाही. तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे श्रावणातली तापी. पण तिचा एकुलता एक मुलगा स्वप्नील मालाच्या बोटींवर खलाशी होता, आणि मागच्या एका सुट्टीत त्यानं हा रेडिओ आणून दिला होता. गच्चीवरच्या टाकीपासून समोरच्या कडुनिंबापर्यंत त्यानं तार ओढली आणि म्हणाला, "माय, आते तू घरमा बशीन समिंदर आयक. बोटवाला आनि किनारावाला येरमेरसंगे बोलतस, ते बठ्ठं हाईमा येस."

सुरुवातीला त्यातून नुसती बदकं बोलत. मग भिकुबाईच्या ध्यानात आलं, की कडेचं बारीक बटण केसभर फिरवलं की बदकाचा माणूस होतो. एकदा हे जमलं आणि तिला नादच लागला. खरखर चालू असायची, तव्यावर मोहरी तडतडावी तशी, आणि मधूनच एखादा माणूस वर यायचा. कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, कधी कुठल्या मुलखाच्या बोलीत कोण जाणे. भिकुबाईला अक्षराची ओळख नव्हती, इंग्रजी तर लांबच. पण कोण दमलाय, कोण चिडलाय, कोणाला नुकताच घरचा फोन येऊन गेलाय, एवढं तिला आवाजावरून बसल्या जागी कळे. एक होता सर्दीवाला, एक घाईवाला. एक किनाऱ्यावरचा साहेब असा गोड बोलायचा, की त्याची बायको सुखी असणार असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

स्वप्नील बोटीवर असताना एकदा त्याच्या बोटीचं नाव आलं. त्या दिवशी तिनं रेडिओला हळदकुंकू वाहिलं.

तिचा नवरा कौतिक आबा गावात पिठाची गिरणी चालवायचा. पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशीतून तो चिडवायचा, "दिपमाला, तुन्ही सासू पह्यले माले आवाज दे, मंग भाकर दे. आते रेडिओ आयकीसन आवाज देस, आनि शेवटले म्हनस, ओव्हर!"

"मंग तुम्ही बी उत्तर देत जा ना," भिकुबाई म्हणायची. "बोटवाला देतस. तुम्हना तोंडमा काय पीठ गयं? ओव्हर."

सून दिपमाला हसून हसून ओट्यावर बसायची. ती बी.कॉम. झालेली, साक्रीकडची. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, आणि त्यातले कितीतरी महिने स्वप्नील पाण्यावर. आता तो सुट्टीवर घरी होता, नव्या बोटीच्या फोनची वाट बघत. भिकुबाईचं मनातलं म्हणणं एवढंच होतं, की फोन जरा उशिरानं यावा. कानबाईचा सण होऊन जाऊ दे. पोऱ्या घरात असताना कानबाई बसू दे.

२

त्या आवाजाकडे तिचं लक्ष गेलं ते आषाढ संपता संपता.

बाकीच्यांचं कसं, की एकानं हाक दिली की दुसऱ्यानं ओ द्यायची. बाजारात असतं तसंच. हा मात्र रोज दुपारची भांडी घासून झाली की यायचा, तेच ते बोलायचा, थांबायचा. खरखर. पुन्हा तेच. पुन्हा खरखर. मग शेवटी दोन-तीन शब्द, आणि गप्प. कोणी एकदाही त्याला ओ दिली नाही.

आवाज तसा चांगला होता. तरुणही नाही, म्हाताराही नाही. पाहुण्यांकडे आलोय आणि दार लोटलेलं आहे, अशा अदबीनं बोलायचा.

"दिपमाला, आठे ये वं. हाऊ काय म्हनस ते सांग."

दिपमाला हात पुसत आली, कान लावून उभी राहिली. "बोटीचं नाव सांगतोय, आई. आल्मा टेरन. सगळ्यांना हाक मारतोय, जो कोणी ऐकत असेल त्याला. म्हणतो, बोटीवर एक माणूस आहे."

"एकच?"

"एकच म्हणतोय."

"आनि शेवटले काय म्हनस?"

दिपमालानं पुन्हा सगळं येऊ दिलं. "म्हणतो, काहीच ऐकू आलं नाही."

भिकुबाईला हे फार लागलं. संध्याकाळी तिनं स्वप्नीलला विचारलं. तो पारावरून पत्ते खेळून आलेला, खुशीत होता. "माय, एवढी मोठी बोट येक मानूसवर चालस का? कोनी मासाधऱ्यानं पोरगं व्हई, बापना रेडिओसंगे खेळी राह्यनं व्हई. आनि मी घर ऊनू ते समिंदर इसराले. तू माले जेवताना बी समिंदरच वाढस!"

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. फक्त तो आवाज पोरासोरांचा नव्हता. आणि खेळणारं पोर रोज त्याच वेळी, त्याच अदबीनं खेळत नाही. पण भिकुबाई काही भुताखेताला भिणारी बाई नव्हती. कोणत्या विहिरीवर कोण दिसतं असं गावानं म्हटलं, की ती त्याच विहिरीवर धुणं घेऊन जायची, गर्दी नसते म्हणून. तिनं एवढंच ठरवलं, की माणूस एकटा आहे आणि त्याला कोणी ओ देत नाही. त्यात भ्यायचं काय?

३

नागपंचमी जवळ आली आणि रोटाचे गहू काढायचा दिवस आला.

खानदेशात नागपंचमीनंतर कानबाई देवी घरोघर बसते, आणि तिच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळीचं, माप प्रत्येक घराचं ठरलेलं असतं. त्यांच्या घरी घरातल्या गड्यागणिक, म्हणजे पुरुषमाणसागणिक, सव्वा मूठ. जो गडी परगावी असेल त्याचीही मूठ पडते, कारण तो घरचाच. त्या गव्हाचा रोट घरच्यांनीच खायचा. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. जिथे मूठ, तिथे नातं. इतका तो नियम पक्का.

भिकुबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी कोठीपुढे बसली. सुपात पहिली मूठ टाकली, "स्वप्नीलना बापनी." दुसरी टाकली, "मन्हा स्वप्नीलनी." वरचा पाव-पाव टाकला आणि हात झटकला.

रेडिओ कोठीवरच होता. त्याच वेळी तो आला. आल्मा टेरन, आल्मा टेरन. बोलला, थांबला. खरखर झाली. पुन्हा बोलला.

पलीकडच्या घरात प्रमिलाबाई कोणाला तरी पोळ्या लाटायला बोलावत होती, गल्लीत पोरं ओरडत होती, गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. सगळं गाव घरी यायच्या तयारीत. आणि हा एक. याच्या आईनं कुठे याची मूठ टाकली असेल का? ती आई तरी असेल का?

भिकुबाईचा हात कोठीत गेला. विचार करून गेला असं नाही, गेलाच. तिसरी मूठ सुपात पडली.

"तुन्ही बी ले, भो," ती म्हणाली.

संध्याकाळी आबा गिरणीतून पीठ घेऊन आला तो डब्याकडे बघतच. "स्वप्नीलनी माय, दोन गडीसनं पीठ इतलं कसं?"

"मन्हा हात मोठा शे."

"तीस वरीस पासून तुन्हा हात दखी राह्यनू. तो यंदाच वाढना का?"

आबानं डबा देवघराजवळ ठेवला, मिशीतलं पीठ झटकलं आणि चहा मागितला.

४

दुसऱ्या दिवशी भांडी घासून ती येऊन बसली. तो आला, नाव सांगितलं, थांबला. खरखर. मग शेवटचे शब्द म्हणाला, आणि ते रोजचे नव्हते.

"काय म्हने?"

दिपमालानं भुवया वर केल्या. "म्हणाला, मिळालं. आभारी आहे."

भिकुबाईला एवढा आनंद झाला, की तिनं दिपमालाच्या हातावर गूळ ठेवला. कोणीतरी ओ दिली एकदाची. आपल्या तारेला ती सापडली नसेल, एवढंच. स्वप्नील म्हणायचाच, की कधी कधी एकाच बाजूचं बोलणं येतं. सुटला बिचारा.

पण तो सुटून गेला नाही. रोज येत राहिला, आणि आता त्याला घाई नसायची. भिकुबाई कापसाच्या वाती वळत त्याच्याजवळ बसायची आणि सहज बोलायची. म्हैस आटली. आबाचा गुडघा दुखतो. स्वप्नील आलाय, बोटीची वाट बघतोय, मोठा गुणी पोऱ्या, डोलकाठीवर चढून काम करणारा, लाटेला न भिणारा. सून मायाळू. घरी कानबाई बसणार आहे. तिचं बोलणं संपलं की थोडी खरखर व्हायची, आणि मग तो तोच शब्द म्हणायचा. तो आता तिला अर्थासकट पाठ झाला होता.

मिळालं. मिळालं.

एकदा वाती वळता वळता तिचे हात थांबले. हा रेडिओ नुसता ऐकायचा. यात बोलायचं काही नसतं, तसं स्वप्नीलनंच सांगितलं होतं. मग याला मिळतं ते काय?

तिनं गंमत करून पाहायची ठरवलं. गप्प बसली. रेडिओ गप्प. मांजर कोठीवरून उडी मारून गेलं, रेडिओ गप्प. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, रेडिओ गप्प. मग ती हळूच म्हणाली, "चहा लेशी का?"

खरखर झाली. आणि मिळालं.

भिकुबाई उठली, रेडिओवर धुतलेलं फडकं टाकलं आणि मोठ्यानं हसली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी हसली. योग असतात. पेरणीच्या दिवशी पाऊस येतो तेव्हा पावसाला कोणी पत्र धाडलेलं असतं का?

पण त्याच आठवड्यात त्यानं आकडे सांगायला सुरुवात केली. दिपमाला म्हणाली, बोट कुठे आहे ते सांगतोय. आणि भिकुबाई नको म्हणायच्या आत तिनं ते मोबाईलवरच्या नकाशात टाकले. निळ्यावर ठिपका पडला, सुरतेच्या समोर, तापी समुद्राला मिळते तिथं.

दोन दिवसांनी दिपमालानं पुन्हा टाकले. तिनं मोबाईल सासूपुढे धरला.

"आई, अक्षांशाचा आकडा तोच आहे, एकवीस. रेखांशाचा वाढलाय. ठिपका तापीवरच्या उकाईच्या धरणात पडतोय."

जेवताना आबाला सांगितलं तेव्हा त्याला ठसका लागला. "मालनी बोट! उकाईनं धरण काय, म्हशीसारखी कूदी ऊनी का? दिपमाला, तो मोबाईल फुटेल शे. तीनदा पाडेल शे तू."

सगळे हसले. स्वप्नील सगळ्यात जास्त. मोबाईल खरंच तीनदा पडलेला होता, त्याची काच तडकलेली होती. दिपमालाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वप्नीलच्या मोबाईलवर आकडे टाकले. ठिपका प्रकाशा गावच्या पुलाजवळ पडला. तिथून वर, नदीनं, त्यांचा घाट.

तिनं ते फक्त सासूला सांगितलं.

५

शनिवारी घर कसं, लग्नघर. भिंतींना चुना, दाराला आंब्याची डहाळी, अंगणात प्रमिलाबाई आणि तिच्या जावा पुरणाच्या डाळीवर बसलेल्या. एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत डाळ निवडायची, हे कानबाईचं अर्धं काम.

स्वप्नीलचा फोन वाजला. तो अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत गेला, येस सर येस सर करत. परत आला तो त्यानं आबाला उचलूनच घेतलं.

"बोट भेटनी! पगार पह्यला पेक्षा चांगला. मंगळवारी सुरतले चढनं शे. कोनी तरी मन्हं नाव सांगेल शे म्हने त्यासले. लाटले न भिनारा, डोलकाठीवर चढीसन काम करनारा पोऱ्या शे, असं सांगं म्हने!"

प्रमिलाबाईनं त्याच्या तोंडात साखर घातली. आबानं मिशी पुसली. दिपमालाचा चेहरा उतरला, पण नवऱ्याचं चांगलं होतंय म्हणून तिनं तो परत वर चढवला.

"नाव काय बोटनं?" भिकुबाईनं विचारलं.

"आल्मा टेरन."

अंगणात डाळ निवडायचा आवाज चालूच होता. दिपमालानं सासूकडे पाहिलं. सासूनं सुनेकडे पाहिलं नाही, कारण तिला आपले स्वतःचे शब्द ऐकू येत होते. कोठीजवळ बसून, वाती वळत, एकटीनं बोललेले.

"नको जाऊ," ती म्हणाली.

"माय!"

"ती रेडिओवरनी बोट शे. येकच मानूस शे तिन्हावर."

"माय, जगमा आल्मा नावना छप्पन बोटी शेतस. आनि येकच मानूस व्हता म्हनीसन ते माले बलावतस!" तो हसला, तिच्या डोक्यावर हात फिरवला. लहान मूल रडायला लागलं की फिरवतात तसा. "मंगळवारी जासू. तवलोंग पुरनपोई खावाड."

त्याला अडवता येणार नव्हतं. कसं सांगायचं? नदीतून बोट येतेय म्हणून? ज्याला समुद्र माहीत आहे त्याला?

६

रविवारी दुपारी बायका चौरंगाची सजावट करायला पुढच्या खोलीत बसल्या. नारळाला डोळे बसवले, नथ घातली, कानबाईचं रूप असं उजळलं की प्रमिलाबाई म्हणाली, माय हसी राह्यनी. मागे चुलीवर भिकुबाईनं रोट भाजले. तीन. तिसरा सगळ्यात चांगला फुगला, आणि तिला त्याचा राग आला.

हात धुऊन ती मधल्या खोलीत गेली, दार लोटलं. दिपमाला मागोमाग आत शिरली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. भिकुबाईनं फडकं काढलं, बटण फिरवलं. बदक, बदक, मग खरखर. वेळ झाली होती. तो आला.

आवाज जवळचा होता. आधी तो उंदराच्या बिळातून आल्यासारखा यायचा. आता मागे पाणी ऐकू येत होतं, लोखंडावर आपटणारं. आणि त्याच्याही मागे, अगदी बारीक, ढोल. त्यांच्याच गल्लीत त्या वेळी पोरं ढोल तापवत होती.

दिपमालानं तोंडावर पदर धरला.

भिकुबाई कोठीला टेकून उभी राहिली, पोरगं उशिरा घरी आल्यावर आई दारात उभी राहावी तशी. एक हात कमरेवर.

"आयक, भो. तू जो कोनी व्हशी तो. मी तुन्हा नावनी मूठ टाकी. कोनी सांगं नही, मीच टाकी. म्हनजे तू मन्हा पोऱ्या. वयनी मोठा दिखस, म्हनजे मोठा पोऱ्या. नाकारत नही मी."

खरखर.

"पन मंग स्वप्नील तुन्हा धाकला भाऊ. आनि धाकला भाऊले मोठा भाऊ सांभाळस, संगे ओढी लई जास नही. तुले मी जेवाले बलावं. पोऱ्या मांगाले नही बलावं. तुन्हा रोट मी नदीवर पोचता करसू. तो खाय, पानी पी, आनि जठून ऊना तठे फिरी जाय. स्वप्नीलना अंगले हात लावशी ते तू मन्हा कोनी नही, आनि मी तुन्ही कोनी नही. समजनं का? ओव्हर."

पुढच्या खोलीत बायका एकदम हसल्या, कोणाच्या तरी नथीवरून. लोखंडावर पाणी आपटत राहिलं. एक श्वास आला, घेतलेला आणि धरून ठेवलेला.

मग तो म्हणाला, मिळालं. पण या वेळी त्या शब्दाच्या आधी थोडी अडखळ होती. अपमान झालेल्या माणसाची म्हणा, किंवा पहिल्यांदाच कोणी रागावल्यामुळे बरं वाटलेल्या माणसाची. भिकुबाईला एवढे आवाज कळायचे, हा एक कळला नाही.

७

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. ट्रॅक्टरवर बँड, पुढे फुगड्या, मागे डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायका, आणि भुरभुर पाऊस. आबा दुखऱ्या गुडघ्यानं नाचला. स्वप्नीलनं दिपमालाला गुलालानं अशी रंगवली, की तिची ओळख पटेना.

तापी दुथडी भरली होती, मातकट, समोरचा काठ पावसात पुसलेला. बायका पाण्यात उतरल्या, आरती झाली, कानबाईला निरोप दिला. भिकुबाई सगळ्यांच्या थोडी पलीकडे, बाभळीपाशी गेली. पदराखालून तिसरा रोट काढला, पळसाच्या पानावर ठेवला आणि पाण्यात सोडला.

पान वाहत्या पाण्यानं खाली जायला हवं होतं. ते सरळ मध्याकडे निघालं, कोणी दोरीनं ओढावं तसं.

तेवढ्यात घाटावर बायकांनी किंकाळी मारली. हसण्याचीच, पण दचकलेली. पाणी एकाएकी चढलं होतं, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. एक लाट आली, मग तेवढीच दुसरी, मग तेवढीच तिसरी, नदीच्या धारेला तिरपी, समोरून काठाकडे. बँडवाल्यांनी ढोल डोक्यावर धरले.

स्वप्नील पाण्यात उभा होता. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे मात्र कामावरचे झाले. त्यानं लाटेकडे पाहिलं, मग लाट जिथून आली तिकडे.

"हाई पूरनं पानी नही," तो हळूच म्हणाला. "भलती मोठी बोट बाजूतीन गई म्हंजे असं पानी येस."

"हतनूर धरननं पानी सोडं व्हई," आबा ओरडला. "चला वर!"

"हां," स्वप्नील म्हणाला. "तेच व्हई."

भिकुबाईनं मान वर केली ती एकदाच. पावसाच्या पडद्यात, बाभळींच्या शेंड्यांपेक्षाही उंच, काहीतरी गंजलेलं लाल, सरळ, भिंतीसारखं सरकत होतं, इतकं हळू की थांबल्यासारखं. खाली पाण्यालगत पान होतं. आणि पानाशी हात होता. मनगटाच्या वर तिनं पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं. पण रोट उचलायच्या आधी त्या हातानं पाणी पुसलं, अंगावरच्याच कपड्याला, जेवायला बसणारा पोऱ्या पुसतो तसं.

मग पाऊस जोरात आला आणि नदी नुसती नदी राहिली.

८

घरी येऊन रोट खाल्ले, पुरणपोळ्यांवर तुपाची धार धरली. स्वप्नीलचं ताट अर्धं झालं आणि फोन वाजला. तो येस सर म्हणाला, मग नुसता हं म्हणाला, मग ओके.

"जागा भरी गई," त्यानं सांगितलं. "वाटमाच दुसरा पोऱ्या भेटना त्यासले. आज सकायलेच चढना. माले म्हने, पुढला येळे दखू."

दिपमाला आत पळाली, आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला तो काही भांडं निसटल्याचा नव्हता, तिनं ते आनंदानं आपटलं होतं. आबा म्हणाला, चांगलं झालं, गिरणीचा पट्टा बदलायचाय, माणूस पाहिजेच होता. स्वप्नील जरा वेळ फुगून बसला. मग तिसरी पोळी मागितली. भिकुबाईनं चौथीही वाढली. तिच्या अंगावरून जणू आठवड्याचं ओझं कोणी उतरवून घेतलं होतं. ती आबाला म्हणाली, "तुम्हीन आज काय नाचनात! गुडघाले समजनं नही व्हई." आबा म्हणाला, ओव्हर. एवढं हसू त्या घरात कितीतरी दिवसांनी झालं.

भांडी घासून झाल्यावर ती मधल्या खोलीत गेली. जायची गरज नव्हती. पण ज्याला इतकं बोललो त्याचा निरोप तरी घ्यावा, असं तिला वाटलं. दिपमाला अजून गुलालातच होती, तीही येऊन बसली.

आल्मा टेरन आली. आवाज लांब गेलेला, पुन्हा बिळातला. समुद्राकडे परत निघालेला.

"मोठा शहाना," भिकुबाई म्हणाली. "आयकं त्यानी."

दिपमाला ऐकत होती. गुलालाखालचा तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"आई," ती म्हणाली, "म्हणतोय, बोटीवर दोन माणसं आहेत."

मग तो थांबला, आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलायला दिलं. हा आवाज कोवळा होता. भलताच कोवळा, नुकतीच मिसरूड फुटलेल्याचा. पहिल्यांदाच रेडिओ हातात मिळालेला, म्हणून आधी हसला. मागे कोणाला तरी काही विचारलं, बटण कोणतं, असंच असावं. मग तो बोलू लागला, मोठ्यानं, छाती काढून. आज सकाळीच चढलेला. नव्या बोटीवर, चांगल्या पगारावर. कुठल्या गावचा, कोणाचा, कोण जाणे.

"काय म्हनस?" भिकुबाईनं विचारलं. विचारताना तिचा हात कोठीच्या झाकणावर होता.

"विचारतोय," दिपमाला म्हणाली, "माझा आवाज कोणाला येतोय का?"

खरखर झाली. तो वाट बघत होता. भिकुबाईनं तोंड उघडलं. तिला माहीत होतं, की ती बोलली तर तिकडे पोचेल. आणि पोचलं की काय होतं, तेही आता माहीत होतं. पुढच्या खोलीत सतरंजीवर पसरलेला स्वप्नील, पोट भरलेला, झोपेला आलेला, तिथूनच ओरडला, "माय, कोन शे वं रेडिओवर?"

तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग रेडिओकडे.

"कोनी नही रे," ती म्हणाली. "तू झोप."

तिकडे तो पोऱ्या पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला, तितक्याच हौसेनं.